सी स्लग ओळखायचा तर रंग सगळ्यात शेवटी पाहा: नागपूरकर नवशिक्यांसाठी

नागपुरातून समुद्र कोणत्याच बाजूनं जवळ नाही, तरी आजकाल ज्याच्या त्याच्या मोबाइलमध्ये मालवणचे नाहीतर अंदमानचे दोन-चार सी स्लगचे फोटो असतातच. ट्रिपहून आले की फोटो ग्रुपवर पडतो, खाली "हे काय आहे बे?" असा प्रश्न येतो, आणि मग कोणीतरी "ब्लॅक सी स्लग" असं सर्च करून पहिलं जे चित्र जुळलं त्याचं नाव ठोकून मोकळा होतो. रंग जुळला म्हणजे काम झालं असंच सगळे धरून राहिलेत. समुद्रातल्या या बिनशंखाच्या गोगलगायींच्या बाबतीत हा रस्ता सरळ खड्ड्यात जातो, म्हणून हा लेख. यात एकच जात पकडून पूर्ण पद्धत सांगतो, म्हणजे पुढे दुसऱ्या जातींना तीच लावता येईल.

जात कोणती, तर डेंड्रोडोरिस फ्युमाटा. लाल समुद्रापासून पॅसिफिकपर्यंत उष्ण पाण्यात सापडते, आपल्या भारताच्या किनाऱ्यावरही आहे, ओहोटीच्या वेळी दगडाखाली दिसू शकते, वाढली तर साधारण 10 सेंटीमीटरपर्यंत जाते म्हणजे नवीन माणसालाही दिसण्याजोगी. आणि मुख्य म्हणजे हिचा एक रंग नाही. कोणी धुरकट करडी, त्यावर काळपट डाग, कोणी पूर्ण काळी, कोणी नारिंगी-लाल. तिघी एका ताटलीत ठेवल्या तर नवा माणूस तीन जाती मोजेल. वरून हिची एक बहीण आहे, डेंड्रोडोरिस निग्रा, तीही काळी असते, तिच्यावर कधी पांढरे ठिपके असतात, कधी कडेजवळून लाल-नारिंगी पट्टा असतो. म्हणजे एका जातीचे अनेक रंग आणि एकाच रंगाच्या दोन जाती, दोन्ही भानगडी एकाच ठिकाणी. शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

पायरी 1: आधी घरच्या घरी डोळा तयार करा

समुद्र नाही म्हणून थांबायची गरज नाही. एका जातीत अनेक रूपं असतात ही गोष्ट नुसती वाचून डोक्यात बसत नाही, ती पाहावी लागते, आणि ती नागपुरात पाहायला मिळते. कॉमन मॉरमॉन नावाचं काळं फुलपाखरू आहे, त्याच्या अळ्या संत्र्या-लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवर वाढतात, म्हणजे आपल्याकडे काही कमी नाही. याच्या माद्या तीन प्रकारच्या. एक नरासारखीच दिसते, दुसरी कॉमन रोज नावाच्या विषारी फुलपाखराची नक्कल करते, तिसरी क्रिमसन रोजची. तीन वेगळी फुलपाखरं वाटावीत अशा, पण जात एकच. सेमिनरी हिल्सला किंवा अंबाझरीला सकाळी एक चक्कर मारा, फोटो काढा, घरी येऊन पंखांचा आकार, शिरा, शेपटी हे जुळवा आणि रंग मुद्दाम बाजूला ठेवा. सुरुवातीला लई वैताग येतो. पण हा सराव झाला की सी स्लगचं अर्धं काम झालं समजा, कारण सवय तीच लागते.

पायरी 2: हा सी स्लगच आहे ना, ते पाहा

किनाऱ्यावर सी स्लगसारखे दिसणारे भरपूर आहेत. सगळ्यात जास्त फसवतात ते चपटे किडे, फ्लॅटवर्म. रंगीत, नक्षीदार, काही तर विषारी सी स्लगच्या रंगाची नक्कल करणारे. फरक असा की फ्लॅटवर्म कागदासारखा पातळ असतो, त्याच्या पाठीवर कल्ल्यांचा झुबका नसतो आणि डोक्यावर खरी शिंगं नसतात, फार तर पुढची कड दुमडून दोन टोकं केलेली असतात. दुसरा ओंकिडियम, हा खडकावर चिखलाच्या रंगाचा, खडबडीत पाठीचा, ओहोटीत पाण्याबाहेर आरामात फिरत असतो. तोही गोगलगायींच्याच खानदानातला आहे पण हवेत श्वास घेणारा, आपला विषय नाही. पावसाळ्यात आपल्या अंगणात कुंडीखाली निघतो तो जाड काळपट स्लगही जमिनीवरचा, त्याचे फोटो "सी स्लग सापडला" म्हणून टाकू नका, लोक टाकतात म्हणून सांगून राहिलो.

मग पाहायचं काय? डोक्यावर दोन शिंगांसारखे अवयव, त्यांना रायनोफोर म्हणतात, यांनीच प्राणी पाण्यातला वास घेतो. हे दिसले की पुढे जा. काही सी स्लगना रायनोफोर नसतातही, डोकं ढालीसारखं असणाऱ्यांचा एक गट आहे, पण नवीन माणसानं सुरुवातीला त्यांच्या मागे लागू नये.

पायरी 3: मोठा गट ठरवा

इथं रंगाकडे पाहायचंच नाही, फक्त पाठीवर काय आहे ते पाहायचं.

पाठ मोकळी, आणि मागच्या बाजूला कल्ल्यांचा गोल झुबका असेल तर तो डोरिड. त्या झुबक्याच्या मधोमध गुदद्वार असतं, ऐकायला विचित्र वाटतं पण रचनाच तशी आहे. पाठीवर बोटांसारखी भरपूर टोकं असतील तर इओलिड किंवा त्याच्या जवळचा कोणी. अंग पानासारखं, बहुतेक हिरवं, दोन्ही बाजूंनी पडदे वर आलेले आणि शेवाळावर बसलेला असेल तर तो सॅकोग्लोसा, हे शेवाळातला रस शोषतात. मोठा, फुगीर, डोक्यावर सशाच्या कानासारखे अवयव आणि छेडलं की जांभळी शाई सोडणारा असेल तर तो सी हेअर.

आपली फ्युमाटा डोरिडमध्ये येते. पूर्ण पत्ता असा: मृदुकाय प्राणी, त्यात गॅस्ट्रोपोडा म्हणजे गोगलगायी, त्यात हेटेरोब्रँकिया, त्यात न्युडिब्रँकिया, त्यात डोरिडिना, कुटुंब डेंड्रोडोरिडिडी, प्रजाती (म्हणजे जीनस, जातीच्या वरची पायरी) डेंड्रोडोरिस. जुन्या कॉलेजच्या पुस्तकात ओपिस्थोब्रँकिया असं एक नाव भेटेल, ते बाजूला ठेवा. 2010 च्या आसपास डीएनएच्या अभ्यासातून कळलं की तो गट एकाच पूर्वजाचा नाही, तेव्हापासून वर्गीकरणात तो वापरत नाहीत. आपल्याकडच्या चेकलिस्टमध्ये मात्र तो शब्द अजून दिसतो, सागरी जीवांचे अभ्यासक दीपक आपटे यांची 2009 ची लक्षद्वीपची आणि त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेली 2010 ची कच्छच्या आखाताची यादी याच नावाखाली आहे, आणि दोन्ही आजही उघडून पाहाव्या अशा आहेत. भारतात पहिल्यांदाच नोंदलेल्या कितीतरी जाती त्यात आहेत.

डेंड्रोडोरिसच्या कुटुंबाची एक खूण आहे पण ती फोटोत दिसत नाही. बाकी बहुतेक गोगलगायींच्या तोंडात रॅड्युला असतो, म्हणजे खरवडायची दातेरी पट्टी. यांच्यात तो नाहीच. हे स्पंजवर, म्हणजे खडकाला चिकटून राहणाऱ्या एका साध्या प्राण्यावर, बसतात आणि त्याला आतल्या आत विरघळवून शोषून घेतात. म्हणून जुन्या शास्त्रज्ञांची मोठी पंचाईत झाली, कारण दातांची रचना पाहून जाती वेगळ्या करायची त्यांची जी हमखास पद्धत होती ती इथं चालतच नव्हती, आणि उरला तो रंग. रंगावर भरवसा ठेवून 19व्या शतकात नावं देत सुटले आणि तो गुंता पुढे शंभर-दीडशे वर्षं चालला.

पायरी 4: कल्ले पाहा, शांतपणे पाहा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे म्हणून इथं घाई करू नका. फ्युमाटा आणि निग्रा यांचा हा घोळ 1997 मध्ये ब्रॉडी, विलन आणि कॉलिन्स या तिघांनी नीट सोडवला, इंडो-पॅसिफिकमधल्या दोन्ही जाती समोर ठेवून. त्यातलं नवीन माणसाच्या कामाचं सूत्र म्हणजे कल्ले.

फ्युमाटाचे कल्ले मोठे आणि संख्येनं कमी, साधारण पाच-सहा फांद्या, पण प्रत्येक फांदी भरघोस, पिसासारखी, आणि प्राणी निवांत असेल तेव्हा ते इतके पसरतात की पाठीच्या कडेपर्यंत पोचतात. निग्राचे कल्ले छोटे, फांद्या जास्त, आणि त्यांचं एक लहानसं आखूड गोल कडं दिसतं, ते पाठीच्या मधल्या भागातच राहतं, कडेपर्यंत जायचा प्रश्नच येत नाही. प्राणी काळा असो, लाल असो, डागाळलेला असो, हा फरक राहतो. शिवाय फ्युमाटाची मँटलची, म्हणजे पाठीवरच्या कातडीच्या पडद्याची, कड रुंद, पातळ आणि लाटांसारखी मुरडलेली असते, पण ही दुय्यम खूण माना, कारण प्राणी आकसला की कड कशीही दिसते.

रायनोफोरच्या टोकाला पांढरं दिसलं म्हणून खूश होऊ नका, ते दोघांतही असतं.

आता अडचण काय की डोरिड घाबरला की कल्ले खिशात आत ओढून घेतो. तुमची सावली पडली, बोट लागलं, पाणी ढवळलं की गेले कल्ले आत, आणि मागे उरतो एक काळा गोळा ज्याचं नाव कोणीच सांगू शकत नाही. ग्रुपवर येणारे नव्वद टक्के फोटो या गोळ्याचेच असतात असं माझं मत आहे, मोजून पाहिलं नाही. उपाय सोपा, बसून राहा. हात पाण्याबाहेर ठेवा, पाच-दहा मिनिटं काहीच करू नका, प्राणी सरकायला लागला की कल्लेही बाहेर येतात. आपल्या लोकांना हेच जमत नाही, एक फोटो काढला की चला पुढे, गाडी लागलीय.

पायरी 5: रंग का बदलतो ते समजून घ्या

रंग शेवटी पाहायचा म्हणजे पाहायचाच नाही असं नाही. उलट तो का बदलतो हे कळलं की तोच रंग कामाला येतो.

पहिलं कारण खाणं. खूप सी स्लग आपल्या अन्नातले रंगद्रव्य आणि रसायनं अंगात साठवतात, एकाच जातीचे दोन प्राणी वेगवेगळ्या स्पंजवर वाढले तर छटा बदलू शकते. पण सगळंच उसनं नसतं. डेंड्रोडोरिसच्या भूमध्य समुद्रातल्या एका जातीवर इटालियन रसायनशास्त्रज्ञांनी काम केलं तेव्हा दिसलं की तिचं पॉलिगोडिअल नावाचं झणझणीत संरक्षक रसायन ती स्पंजकडून घेत नाही, स्वतःच्या शरीरात तयार करते. मासा तोंड लावतो आणि थुंकतो.

दुसरं वय. पिल्लाचा रंग आणि मोठ्याचा रंग एकच असेल असं अजिबात धरू नका. आकार लिहून ठेवायचा तो याचसाठी, 8 मिलिमीटरचा लाल आणि 80 मिलिमीटरचा लाल यांचा अर्थ वेगळा होऊ शकतो.

तिसरं ठिकाण, आणि ही भानगड खरी मजेची आहे. क्रोमोडोरिस नावाच्या पट्टेवाल्या सी स्लगवर लेटन, गॉस्लिनर आणि विल्सन यांचं 2018 चं काम आहे. त्यांना डीएनएवरून असं दिसलं की एकच जात वेगवेगळ्या भागात वेगवेगळी नक्षी घेऊन फिरते, आणि बऱ्याचदा ती नक्षी त्या भागातल्या दुसऱ्या विषारी जातीशी जुळणारी असते. तर्क सरळ आहे, एका इलाख्यातल्या माशांनी एकच पॅटर्न लक्षात ठेवला की सगळ्यांचाच फायदा. म्हणजे नक्षी पाहून तुम्ही नाव सांगाल तर ते कदाचित शेजाऱ्याचं नाव असेल.

याच्या उलटही होतं. स्पॅनिश डान्सर म्हणून लाल, पोहणारा, हातापेक्षा मोठा होणारा प्रसिद्ध सी स्लग आहे, हेक्साब्रँकस सँग्विनिअस. वर्षानुवर्षं आफ्रिकेपासून हवाईपर्यंत ही एकच जात आहे आणि तिच्यात रंगाचे फरक आहेत असं मानत होते. 2023 मध्ये या कुटुंबाचा पूर्ण आढावा आला आणि ठरलं की ही एक जात नाही, अनेक आहेत, ज्याला आपण रंगातला फरक म्हणत होतो त्यातला काही भाग जातींमधला फरक होता. मग नवीन माणसानं काय करायचं? रंग वेगळा म्हणून जात वेगळी असं म्हणायचं नाही, आणि रंग वेगळा असला तरी जात एकच असंही डोळे मिटून म्हणायचं नाही. अंगाची रचना पाहायची, आणि तरी शंका राहिली तर प्रजातीपर्यंत थांबायचं. पुढचं काम डीएनएवाल्यांचं. ते बहुतेक वेळा सीओआय नावाच्या जनुकाचा साधारण 658 अक्षरांचा तुकडा वाचतात आणि जुळवून पाहतात.

चौथं कारण आपला कॅमेरा. पाणी लाल रंग आधी गिळतं, दहा मीटर खाली लाल प्राणी तपकिरी-काळपट दिसतो. अंदमानला स्कुबा करताना फ्लॅश किंवा टॉर्चशिवाय काढलेल्या फोटोतला "काळा" वर आल्यावर लाल निघू शकतो. आणि इन्स्टासाठी फिल्टर मारलेला फोटो ओळखायला पाठवू नका ना बाप्पा.

पाचवं, मेलेला प्राणी. अल्कोहोलमध्ये किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकला की काही दिवसात रंग उडतो, मळकट पांढरा गोळा राहतो. कोपनहेगनचे रुडॉल्फ बर्ग हे पेशानं डॉक्टर, दिवसभर दवाखाना सांभाळून त्यांनी जगभरातून आलेल्या बरण्यांमधल्या शेकडो सी स्लगची चिरफाड करून वर्णनं लिहिली. कमालीचं काम, पण जिवंत रंग त्यांच्यासमोर बहुतेक वेळा नसायचा. याच्या उलट आपल्याकडे मद्रास सरकारातले अधिकारी वॉल्टर एलियट यांनी आंध्र किनाऱ्यावर जिवंत प्राण्यांची रंगीत चित्रं काढून घेतली होती, आणि त्यावरून ऑल्डर आणि हॅनकॉक यांनी इंग्लंडमध्ये बसून 1864 मध्ये वर्णनं छापली. खरं तर दोन्ही एकत्र हवं होतं, रंगही आणि रचनाही. तुमच्या मोबाइलमध्ये आज जे जमतं ते त्यांना जमत नव्हतं.

पायरी 6: रंगात काय टिकतं ते शोधा

सगळाच रंग बेभरवशाचा नाही. ऑस्ट्रेलियात गोनिओब्रँकस स्प्लेंडिडस नावाचा पांढरा, लाल ठिपक्यांचा, पिवळ्या कडेचा सी स्लग आहे. त्याचे लाल ठिपके ठिकाणानुसार कितीही बदलतात पण पिवळी कड तशीच राहते. 2017 मध्ये संशोधकांनी ट्रिगरफिश माशांवर प्रयोग केले तेव्हा दिसलं की मासे नेमकी ती पिवळी कड लक्षात ठेवून तोंड लावायचं टाळतात, ठिपक्यांकडे ते फारसं बघत नाहीत. जे शिकारी पाहतो ते बदलत नाही, जे पाहत नाही ते मोकाट सुटतं. म्हणून रंगाच्या खुणा पाहायच्या तर ठिपके मोजत बसण्यापेक्षा आधी कड, रायनोफोर आणि कल्ल्यांचा रंग पाहा. हा नियम सगळीकडे चालत नाही, पण सुरुवात तिथून करा.

अंदमान-लक्षद्वीपवाल्यांसाठी एक लगेच कामी येणारं उदाहरण. तिथं काळ्या अंगावर फोड आल्यासारखे दिसणारे फिलिडियाच्या कुटुंबातले सी स्लग फार असतात, आणि सगळे सारखेच वाटतात. रायनोफोर काळे आणि फोड गुलाबी किंवा हिरवट असतील तर फिलिडिएला पुस्टुलोसाच्या गटाकडे पाहा. रायनोफोर पिवळे असतील तर फिलिडिया, आणि मग गाइडला सांगून पोटाकडची बाजू दिसेल असा कोन शोधा. तळव्यावर मधोमध काळी रेघ असली तर व्हॅरिकोसा किंवा एलिगन्स, रेघ नसली तर कोएलेस्टिसची शक्यता. यांचे कल्ले पाठीवर शोधू नका, ते कडेखाली लपलेले असतात. आणि हे प्राणी हातात घेऊ नका, डब्यात तर अजिबात ठेवू नका. यांचा चिकट स्राव इतका विषारी असतो की त्याच पाण्यातले मासे मरतात, 1963 मध्येच हे छापून आलंय.

पायरी 7: नाव वाचायला शिका

डेंड्रोडोरिस फ्युमाटा (रुपेल आणि लॉयकार्ट, 1830). यात कंस उगाच नाही. मूळ वर्णन करणाऱ्यांनी जात ज्या प्रजातीत टाकली होती तिथून ती नंतर हलवली गेली की लेखकाचं नाव कंसात जातं. यांनी ती डोरिस म्हणून लिहिली होती, त्या काळात जवळपास सगळेच असे प्राणी डोरिस. कंस नसेल तर समजा प्रजाती पहिल्यापासून तीच. आणि एकाच प्राण्याला दोन नावं पडली असतील तर जुनं नाव जिंकतं. निळ्या चकत्यांची एक डेंड्रोडोरिस आहे, जुन्या फोटोंखाली ती डेनिसोनी म्हणून दिसते, 1864 चं नाव. आता ती क्रुझेनस्टर्नी आहे, कारण ते नाव 1850 चं निघालं.

आपल्या मुंबईचंही नाव यात आहे. 1946 मध्ये विंकवर्थ यांनी मुंबईच्या किनाऱ्यावरून ग्लोसोडोरिस बॉम्बेयाना आणि ग्लोसोडोरिस ट्रायमार्जिनाटा अशा दोन जाती लिहिल्या. पुढे त्या क्रोमोडोरिस झाल्या, मग 2012 मध्ये जॉन्सन आणि गॉस्लिनर यांनी डीएनएवरून या पूर्ण कुटुंबाची फेरमांडणी केली तेव्हा गोनिओब्रँकस झाल्या. प्राणी तोच, त्याच खडकावर. म्हणून जुनं पुस्तक आणि नवीन अॅप यांचं नाव जुळलं नाही तर घाबरू नका, शेवटचा शब्द आणि वर्ष पाहा. शब्दाचं शेपूट थोडं बदलतं, बॉम्बेयानाचं बॉम्बेयानस, तेवढं चालवून घ्या.

पायरी 8: ट्रिपची तारीख ओहोटी पाहून ठरवा, सुट्टी पाहून नाही

नागपूरकरांची मोठी अडचण ही आहे. आपण रिझर्व्हेशन मिळेल त्या तारखेला निघतो, आणि तिथं पोचल्यावर खडक पाण्याखाली. अमावास्या आणि पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी सगळ्यात जास्त वर चढतं आणि सगळ्यात जास्त खालीही उतरतं, आपल्याला ते उतरलेलं पाहिजे. अष्टमीच्या आसपास कोकणात भांग म्हणतात, तेव्हा पाणी फार हलत नाही, त्या दिवसात जाऊन काही फायदा नाही. भिंतीवरच्या कॅलेंडरवर तिथी असतेच, तिथून सुरुवात करा आणि मग वेळेसाठी भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाहा. मुंबईत उधाणाच्या दिवसात ओहोटी साधारण सकाळी सहाच्या आणि संध्याकाळी सहाच्या आगेमागे येते आणि रोज पन्नास मिनिटांच्या आसपास पुढे सरकते. रात्रीच्या गाडीनं निघून सकाळी मुंबईत उतरलात तर सकाळची ओहोटी गेलीच, म्हणून आदल्या दिवशी पोचा. आणि खडकावर ओहोटीच्या वेळेच्या तासभर आधी उतरा, पाणी परत फिरलं की तुम्हीही फिरा.

मोसम ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल. पावसाळ्यात खडकावर जायचं नाही. मुंबईत मरीन लाइफ ऑफ मुंबईवाले 2017 पासून किनाऱ्यावर लोकांना फिरवतात, पहिल्यांदा जाणाऱ्यानं अशा कोणासोबत जावं, एकट्यानं शेवाळलेल्या खडकावर शहाणपणा करू नये. पाण्याचा चढउतार मुंबईत चार-पाच मीटरपर्यंत जातो, मालवणला त्यापेक्षा बराच कमी, त्यामुळे मालवणला खडकांची उघडी पट्टीही अरुंद मिळते. तिथं सागरी अभयारण्य आहे, 1987 पासूनचं, तेव्हा काही उचलायचं नाही.

खरं तर कुठंच उचलायचं नाही. दगड उलटा केला तर जसा होता तसाच परत ठेवा, खालचे स्पंज आणि अंडी उन्हात मरतात. आणि कोणी अॅक्वेरियमच्या दुकानात रंगीत सी स्लग दाखवला तर घेऊ नका, ठरावीक स्पंज खाणारा प्राणी तुमच्या टाकीत उपाशीच मरणार.

पायरी 9: फोटो

एक फोटो पुरत नाही. वरून पूर्ण प्राणी, बाजूनं, रायनोफोर जवळून, कल्ले पसरलेले असताना, आणि ज्यावर बसलाय ते. पाचवा फोटो लोक घेतच नाहीत आणि तोच नंतर लई कामी येतो, कारण स्पंज कोणता हे कळलं की निम्म्या जाती बाद होतात. प्राणी पाण्यातच राहू द्या, बाहेर काढला की त्याचा गोळाच होतो. शेजारी मिलिमीटरच्या खुणा असलेली पांढरी प्लॅस्टिक पट्टी ठेवा, मापही कळतं आणि पांढऱ्या रंगावरून घरी बसून रंग दुरुस्तही करता येतो. कॅमेरा महागडा लागत नाही, वॉटरप्रूफ पाऊचमधला मोबाइल उथळ पाण्यात चालतो, फक्त पाऊचवरचे थेंब पुसा.

पायरी 10: नोंद टाका

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या साइट-अॅपवर टाका, तिथं जगभरातले जाणकार पाहतात. सोबत दोन ओळी लिहा, लांबी, कुठं होता, दगडाखाली की उघड्यावर, कल्ले किती मोठे, आणि मग सगळ्यात शेवटी रंग. अॅप स्वतःहून नाव सुचवतं, ते बहुतांश फोटोतल्या रंगा-आकारावरूनच सुचवतं, म्हणून काळ्या डेंड्रोडोरिसला त्यानं निग्रा म्हटलं म्हणून लगेच होकार देऊ नका, कल्ल्यांचा फोटो उघडून स्वतः ठरवा. फोटोत कल्ले नसतील तर नुसतं डेंड्रोडोरिस लिहून थांबा, त्यात काही कमीपणा नाही, चुकीच्या नावापेक्षा ती नोंद जास्त उपयोगाची.

आणि अपलोड घरी येऊन करणार असाल तर लोकेशन तपासा. काही फोटोंमध्ये जीपीएस नसतं, मग गडबडीत चालू जागेचा पिन पडतो, आणि नकाशावर स्पंज खाणारा सी स्लग सीताबर्डीच्या चौकात बसलेला दिसतो.